चौथा रकाना

शाळा सोडलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे विचारायचं काम आत्या अकरा वर्षं करत होती. खरं तर ती आत्या एकाच मुलीची, भावाच्या मुलीची. पण ती भाची लहानपणी एकदा कचेरीत आली आणि "आत्या, आत्या" करत सगळ्या टेबलांखालून रांगून गेली. तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायला लागले. भाची आता अठराची झाली होती, पण नाव काही सुटलं नाही.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. एका खोलीत सहा टेबलं, सहा फोन आणि कधीच न उघडणारी एक खिडकी. शाळा सोडली की मुलाचं नाव यादीत यायचं आणि पुढची तीन वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्याला फोन जायचा. प्रश्न ठरलेले. सध्या काय करतोस? कुठे? बरं चाललंय ना? पुढे काय करायचंय? उत्तराप्रमाणे चारपैकी एका रकान्यात खूण करायची. पहिला रकाना शिकणाऱ्यांचा, दुसरा काम करणाऱ्यांचा, तिसरा दोन्ही करणाऱ्यांचा. चौथ्यात यायची शिक्षण नाही आणि कामही नाही अशी, घरी बसलेली मुलं. साहेबांचा सगळा जीव या चौथ्या रकान्यात अडकलेला असायचा. तो जितका रिकामा, तितकी साहेबांची झोप शांत.

आत्याला चेहरे लक्षात राहत नसत, पण आवाज ती विसरत नसे. सहा महिन्यांनी फोन केला तरी पहिल्या "हॅलो"ला ती सांगायची, "अरे, तुला सर्दी झालीय का?" मुलं चाट पडायची.

त्या मंगळवारी तिच्या यादीत लाणी होती. लाणी हे काही कागदावरचं नाव नव्हे. त्या मुलीला र म्हणता यायचा नाही. लहानपणी घरचे तिला राणी म्हणत आणि ती स्वतःला लाणी म्हणे, म्हणून तेच नाव पडलं. मागच्या खेपेला तिनेच हसत हसत हा किस्सा आत्याला सांगितला होता. नोकरी लागलीय, जुन्या फोन-संगणकांच्या दुरुस्तीचं शिकवतात, राहायची सोय तिथेच आहे, आणि एक-दोन वर्षांनी "नल्सिंगला" जायचंय, असंही म्हणाली होती.

आत्याने नंबर फिरवला.

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

आत्याने लाणीचं पूर्ण नाव विचारलं.

"हो, मीच बोलते. काम करतेय, दुरुस्ती प्रशिक्षण केंद्रात. बरं चाललंय. पुढे इथेच राहायचा विचार आहे."

उत्तरं चोख होती. प्रश्न विचारायच्या आधीच आली होती. आणि प्रत्येक र खणखणीत होता.

"बरं," आत्या म्हणाली. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"एकदम बरी. ठेवू का? काम आहे."

फोन ठेवला गेला. आत्याच्या मनात पाल चुकचुकली. बोलणं सुधारतंही माणसाचं, तिने स्वतःला समजावलं. पण हा आवाज मुळात पोरीचा नव्हता. चाळिशी उलटलेल्या बाईने गळा बारीक केला होता.

यादीत त्याच शाळेची, त्याच केंद्रात गेलेली आणखी दहा मुलं होती, पाच मुली आणि पाच मुलगे. आत्याने जेवणाची सुट्टी सोडून सगळ्यांना फोन लावले. पाचही मुलींच्या फोनवर तीच बाई होती. एकदा घाईत, एकदा खोकत, एकदा हसत. मुलांच्या फोनवर एकच पुरुष होता, त्याने तर आवाज बदलायचीही तसदी घेतली नाही. अकराही जणांना पुढे तिथेच राहायचं होतं.

तिने यादी उचलली आणि साहेबांसमोर ठेवली.

साहेब वाईट माणूस नव्हता. नाकासमोर चालणारा, वरच्या कचेरीला घाबरणारा. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "फोन उचलला गेला?"

"गेला."

"उत्तर मिळालं?"

"मिळालं, पण ज्यांनी द्यायचं त्यांनी नाही दिलं."

"आत्या, आपण पोलीस आहोत का? ती शाळा आपली सगळ्यात चांगली शाळा आहे. चौथ्या रकान्यात एक मूल नाही. का, तर तिथले समुपदेशक सर स्वतः प्रत्येकाला कामाला लावून देतात. त्या माणसाचा वर सत्कार झालाय. तुम्ही आवाजावरून कुठे चाललात?"

आत्याने यादी परत उचलली. तिची खरी भीती वेगळीच होती. तिची भाची त्याच शाळेतली. आणि त्याच सरांनी लावून दिलेल्या कामावर, त्याच केंद्रात, ती येत्या सोमवारी जायची होती.

संध्याकाळी कचेरीतून ती थेट लाणीच्या घरी गेली. दोन खोल्या, दारात ओल्या चपला, आत शिवणयंत्र. लाणीची आई पडदे शिवून द्यायची. कचेरीतून बाई आल्यात म्हटल्यावर तिने खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले.

"लाणीशी बोलणं होतं का तुमचं?" आत्याने विचारलं.

"होतं की. दर रविवारी मेसेज येतो."

"मेसेज नाही म्हणत मी. बोलणं. आवाज कधी ऐकलात तिचा?"

आईने यंत्राच्या चाकावर हात ठेवला. "कामाच्या ठिकाणी फोनवर बोलू देत नाहीत म्हणे. शिस्त आहे." मग बोटांवर मोजून म्हणाली, "सहा महिने झाले असतील. शेवटचं बोलली तेव्हा घसा बसला होता तिचा. मी म्हटलं, गरम पाणी पी."

तिने फोन काढून मेसेज दाखवले. मी बरी आहे. काळजी करू नका. काम चांगलं आहे. पुढच्या रविवारी तेच आणि त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, एका काना-मात्रेचा फरक नाही.

"काही झालंय का हो?" आईने विचारलं.

"मी जाऊन बघून येते," आत्या म्हणाली. "तोवर कुणाला काही बोलू नका. सरांना तर अजिबात नाही."

गुरुवारी तिने रजा टाकली. पर्समध्ये कचेरीचं ओळखपत्र, प्रत्यक्ष भेटीचे कोरे फॉर्म आणि शाईचा पॅड घेतला. फोनवर सापडत नाहीत त्या मुलांसाठी हे फॉर्म असत. त्यावर मुलाची सही आणि अंगठा घ्यायचा नियम होता. अकरा वर्षांत तिने असे फॉर्म फार तर चारदा भरले असतील.

बस तीन तास चालली. शेवटच्या थांब्यावर ती एकटीच उतरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, बंद शटर, आणि हवेत एक आंबट वास. काही पावलं चालली तोच तिचा घसा खवखवायला लागला. केंद्राला पाटी नव्हती, नुसता आकडा होता. उंच भिंत, लोखंडी फाटक, फाटकाला बाहेरून कुलूप. बाहेरून कुलूप लावलेली शाळा तिने आजवर पाहिली नव्हती.

फाटकावरच्या माणसाने फोन केला. थोड्या वेळाने भिंतीलगतच्या घरातून तिथली वॉर्डन आली, एक नीटनेटकी बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

"या ना. कोण पाहिजे?" ती म्हणाली.

आत्याने आवाज लगेच ओळखला. मंगळवारी लाणी म्हणून बोलली ती हीच. हसली तीही हीच आणि खोकली तीही.

"मी शिक्षण कचेरीतून आलेय," आत्याने आवाज सरळ ठेवला. "अकरा फॉर्म भरायचेत. पाच-पाच मिनिटांचं काम आहे."

"मुलं कामात आहेत. तुम्ही ठेवून जा, मी भरून पाठवते."

"माझी काही हरकत नाही. पण अंगठा समोर घेतला नाही तर फॉर्म बाद होतो, आणि बाद झाला की वरून तपासणीचं पथक येतं. चार-चार दिवस ठाण मांडून बसतात हो. तुम्हालाच त्रास."

वॉर्डन बाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. साधी साडी, झिजलेली पर्स, पन्नाशीची कारकून बाई. तिने कुलूप काढलं.

आत्याला एका अरुंद खोलीत बसवलं. चहा आला. मधल्या दाराच्या फटीतून पलीकडची शेड दिसत होती. जमिनीवर जुन्या फोनांचे आणि संगणकांचे ढीग, निळे प्लास्टिकचे टब, टबांतून वर येणारी पिवळसर वाफ. टबांभोवती उकिडवी बसलेली पोरं तोंडाला फडकी बांधून हिरव्या पट्ट्या तेजाबात बुडवत होती, काढत होती, वरचा धातू खरवडत होती. हातात मोजे नव्हते. दुरुस्ती कसलीच चाललेली नव्हती.

एकेक जण आत आला. वॉर्डन बाई खुर्ची ओढून शेजारीच बसली. आत्या तेच प्रश्न विचारत होती आणि मुलं एकमेकांचीच उत्तरं देत होती. काम करतो. बरं आहे. इथेच राहायचंय. सगळ्यांचे आवाज एकाच घशातून आल्यासारखे घोगरे. सही करताना पेन बोटांतून निसटत होतं.

लाणी पाचवी आली. आत्याने तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. डोळे लाल, केस रुमालात घट्ट बांधलेले.

"सध्या काय करतेस?"

"काम कलते," ती हळूच म्हणाली.

तो ल ऐकून आत्याला एकदम रडू फुटायला आलं. तिने मान खाली घालून फॉर्मवर तारीख लिहिली, जी आधीच लिहिलेली होती.

"बरं चाललंय ना?"

लाणीने वॉर्डन बाईकडे पाहिलं. "हो."

"पुढे काय करायचंय?"

लाणीने रुमालाची गाठ चाचपली. वॉर्डन बाईने हातातल्या किल्ल्या मांडीवर ठेवल्या, अगदी सावकाश.

"इथेच लाहायचंय," लाणी म्हणाली.

आत्याने तिचा हात हातात घेतला. हात गरम होता आणि बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत. तिने अंगठा पॅडवर टेकवला, फॉर्मवर दाबला, उचलला. कागदावर एक काळा गोल उमटला. रेघ एकही नव्हती. आधीच्या चौघांचंही तेच झालं होतं. पॅड वाळलाय की काय, म्हणून आत्याने कोपऱ्यात स्वतःचा अंगठा उमटवून पाहिला. त्याच्या सगळ्या रेघा स्वच्छ आल्या.

"अंगठे नीट येत नाहीत," ती म्हणाली.

"कामाचे हात आहेत," वॉर्डन बाई म्हणाली. "चहा गार होतोय तुमचा."

निघताना बाईने तिला मुलींच्या झोपायच्या खोलीतून बाहेर नेलं. सोय किती छान आहे, हे दाखवायला. सात खाटा होत्या. सहांवर चुरगळलेल्या चादरी. सातवीवर कोरी चादर आणि उशाशी चिकटवलेली नवी चिठ्ठी.

"सोमवारी एक येतेय नवीन," बाई हसून म्हणाली.

चिठ्ठीवर आत्याच्या भाचीचं नाव होतं. फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिने पाऊल घाईने टाकलं नाही. मागून कुलूप लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे ती झपाझप चालायला लागली.

बसथांब्यावरूनच तिने पोलीस ठाण्याला फोन लावला. तिकडच्या माणसाने ऐकून घेतलं. मुलं अठराच्या वरची आहेत का, त्यांनी स्वतः तक्रार केलीय का, असं विचारलं. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग तुम्ही लेखी द्या, बघू." तिने लेखी दिलं. पोच मिळाली. बाकी काही घडलं नाही.

त्याच दिवशी ती भावाकडे गेली. भाऊ छापखान्यात यंत्र चालवायचा. वहिनी भाचीच्या बॅगेत कपडे भरत होती.

"पोरीला पाठवू नकोस," आत्या म्हणाली.

"झालं तुझं सुरू," भाऊ म्हणाला. "पोरीच्या प्रत्येक गोष्टीत तुझी माशी शिंकलीच पाहिजे. सरांनी स्वतः शब्द टाकलाय तिच्यासाठी."

"आत्या, माझ्या सगळ्या मैत्रिणी कुठे कुठे लागल्या," भाची म्हणाली. "मीच तेवढी तुझ्या त्या चौथ्या रकान्यात बसू का?"

आत्याने वाद घातला नाही. फॉर्म काढून भावासमोर पसरले. त्याने सवयीने कागद दिव्याकडे तिरका धरला. आयुष्यभर शाई पाहिलेला माणूस तो. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग अकराही ओळीने मांडले.

"शाई जास्त झाली का रे?" आत्याने विचारलं.

"नाही," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "शाई बरोबर लागलीय. कडा बघ किती स्वच्छ आहेत. अंगठ्यावरच काही नाहीये." त्याने कोपऱ्यातल्या रेघा असलेल्या ठशावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

"माझा."

तो उठला, बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढले आणि कपाटात परत ठेवले. भाची रडली, भांडली, आतल्या खोलीत गेली. कुणी तिच्या मागे गेलं नाही.

शुक्रवारी आत्या कचेरीत सगळ्यांच्या आधी आली. ओरडून काही होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. पण कचेरीची एक गोष्ट तिला पाठ होती. एकाच शाळेची दहापेक्षा जास्त मुलं एका फेरीत चौथ्या रकान्यात गेली, की कागद साहेबांच्या हातात राहत नाही. तो आपोआप वर जातो आणि वरून माणसं येतात. तिने यादी उघडली. अकरा नावांपुढची दुसऱ्या रकान्यातली खूण खोडली आणि चौथ्यात केली. शेऱ्यात लिहिलं, 'प्रत्यक्ष भेट. फाटकाला बाहेरून कुलूप. फॉर्म सोबत.' आणि दुपारच्या टपालात सगळं घालून टाकलं.

साहेबांना संध्याकाळी कळलं. त्यांची पाचावर धारण बसली. "तुम्ही खोटं लिहिलंत. ती मुलं काम करताहेत."

"साहेब, जिथून उठून घरी जाता येत नाही त्याला मी काम म्हणून लिहिणार नाही. माझी नोकरी घ्यायची तर घ्या."

साहेब डबा उचलून घरी गेले. सोमवारी सरांचा कचेरीत फोन आला. त्यांनी आत्यालाच मागितलं. "तुमची भाची आज आली नाही," ते अगदी मायेने म्हणाले. "आजारी आहे का? आणि तुम्ही गुरुवारी फिरायला गेला होतात म्हणे." आत्याने फोन ठेवला. आपण काय करून बसलो ते तिला कळलं. नवी मुलगी आली नाही, म्हणजे तिकडे सावध झाले असणार.

पथक मंगळवारी सकाळी पोचलं. पोलीसही सोबत गेले, कारण आता वरचा कागद होता. फाटक सताड उघडं होतं. टब भरलेले, वाफ येत होती. वॉर्डन बाई नव्हती, फोनवरचा पुरुष नव्हता. सात मुलं शेडमध्ये टबांभोवती काम करत बसलेली सापडली. त्यांना थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं. चार जणांना पहाटे एका गाडीत घालून नेलं होतं. कुठे, ते सातांपैकी कुणाला माहीत नव्हतं.

लाणी सातांत होती. दवाखान्यातून ती तीन आठवड्यांनी घरी आली. सरांची चौकशी झाली. आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं म्हणून त्यांनी हात झटकले, आणि पुढच्या सत्रात ते दुसऱ्या गावच्या शाळेत रुजूही झाले.

आत्या लाणीला भेटायला गेली, भाचीला घेऊन. भाची जायला तयार नव्हती. पण बोटांना मलम लावायला तिने लाणीचा हात हातात घेतला तो तासभर सोडला नाही. लाणीच्या आईने यंत्र बंद ठेवलं होतं.

"आधी फोन आमच्याकडेच असायचे," लाणी बसक्या आवाजात सांगत होती. "तुमचा फोन आला की बाई शेजाली उभी लाहायची. आम्ही घाबलून हसत हसत बलं आहे म्हणायचो. मास्तलने तेवढं वेगळं सांगितलं. मग त्याच दिवशी सगळ्यांचे फोन काढून घेतले."

मास्तर म्हणजे त्यांच्यातला एक मुलगा. शिक्षक व्हायचंय असं कायम म्हणायचा, म्हणून पोरं त्याला तशी हाक मारत. गाडीतून नेलेल्या चौघांत तो होता.

"काय सांगितलं त्याने?" आत्याने विचारलं. "कुणाला?"

लाणीने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हालाच की."

आत्या घरी गेली नाही. कचेरीत जाऊन तिने मागच्या फेरीची यादी काढली. मास्तरच्या नावापुढे तिच्याच वळणदार अक्षरात दुसऱ्या रकान्यात खूण होती आणि पुढे शेरा, 'हसतमुख मुलगा. एकदा इथे येऊन बघा म्हणाला.' मग तिला सगळं आठवलं. दिवसभराचा चाळिसावा की बेचाळिसावा फोन होता तो. बरं चाललंय ना, असं तिने विचारलं, तेव्हा तो थोडा थांबला होता. मग म्हणाला, "तुम्हीच या ना बाई एकदा. येऊन बघा ना. नक्की या." ती हसली होती. "येईन हं कधीतरी," म्हणाली होती, आणि पुढचा नंबर फिरवला होता. आवाज न विसरणाऱ्या तिला तो आवाज ऐकूच आला नव्हता.

ती कितीतरी वेळ यादीसमोर बसून राहिली. साहेब जाताना दारात थांबले आणि खोलीतला दिवा लावून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरच्या घराचा पत्ता घेऊन निघाली. त्याचे वडील एका दवाखान्यात लिफ्ट चालवायचे, दुपारपाळीला. दार त्यांनीच उघडलं. अंगावर कामाचा गणवेश होता, वरची दोन बटणं लावायची राहिली होती.

"सापडला का?" त्यांनी विचारलं. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते आता हेच विचारत असावेत.

"नाही," आत्या म्हणाली. "मी फोनवाली. सहा महिन्यांपूर्वी त्याने मला सांगायचा प्रयत्न केला होता. मला कळलं नाही. ते तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलेय."

त्यांनी राहिलेली दोन बटणं लावली. आतून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी मागे हात करून थांबायला सांगितलं.

"काय म्हणाला तो?"

तिने शब्द न शब्द सांगितला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तिने तेही सांगितलं.

वडिलांनी चौकटीला हात टेकला. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. आता दार लागेल, असं आत्याला वाटलं, आणि लागलं असतं तर तिने काही म्हटलं नसतं. पण ते बाजूला झाले. भिंतीपाशी उभी केलेली घडीची खुर्ची त्यांनी उघडली आणि खोलीच्या मधोमध ठेवली.

"बसा," ते म्हणाले. "आवाज कसा होता त्याचा, ते पहिल्यापासून सांगा."